दोघीही अपात्र

ट्रेझरीत नोकरी केली असं सांगितलं की लोकांना वाटतं, हा गृहस्थ रोज नोटांच्या राशीत बसत असणार. तिजोरीची खोली मी आतून फार क्वचित पाहिली. माझं टेबल व्हरांड्याकडच्या खिडकीशी होतं आणि त्या टेबलाशी यायची ती थकलेली माणसं. मी पेन्शनचा कारकून. जन्मभर सरकारची चाकरी केलेल्या माणसाला म्हातारपणी सरकारनं पोसायचं की नाही, याचे कागद माझ्या हातून वर जायचे आणि निकाल लागून माझ्याच हातात परत यायचे. ठरवणार साहेब लोक, पण माणसाच्या तोंडावर सांगायचं काम माझं. बहुतेक वेळा ‘नाही’ असंच सांगायचं असे.

संपादक म्हणाले, दिवाळी अंक आहे, चार गमतीजमती लिहा. गमती आहेतच. भूमकडचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांच्या जन्मतारखेचा पुरावा सापडेना, म्हणून वजीफा अडला. वजीफा म्हणजे पेन्शन. निजामाच्या वेळची माणसं तोच शब्द वापरत. मास्तर टेबलावर मूठ आपटून म्हणाले, “अहो, शाळेत घातलेल्या समद्या पोरांच्या जन्मतारखा म्याच मनानं लिवल्या. त्या तुमच्या सरकारला चालतात. माझी एकट्याचीच चालंना व्हय?” मास्तर निघून गेल्यावर आम्ही खूप हसलो होतो. आता आठवलं की हसू येत नाही. वय झालं की माणूस निवतो म्हणतात, माझं उलटं झालंय. तेव्हा खाली मान घालून लिहिलेल्या गोष्टी आता आठवतात आणि तळपायाची आग मस्तकाला जाते. त्यातली एक इथं सांगतो. वाचून कुणाच्या दिवाळीची चव बिघडली तर माझा नाइलाज आहे.

आधी थोडं आमच्या धंद्याविषयी. पेन्शनसाठी माणसाची नेमणूक सरकारी हवी, जागा कायम हवी आणि नोकरीत खंड नको. ऐकायला सोपं आहे. पण आमच्या जिल्ह्यात माणूस नोकरीला लागला निजामाच्या अमलात, पोलीस अ‍ॅक्शननंतर हैदराबाद राज्याचा झाला, छप्पन्न साली मुंबई राज्यात गेला आणि साठ साली महाराष्ट्राचा झाला. तो आपल्या स्टुलावरून हललासुद्धा नव्हता. सरकारंच त्याच्या डोक्यावरून बदलत गेली. प्रत्येक सरकारनं आपले नियम आणले आणि आधीच्या नियमांना नाकं मुरडली. जुने कागद उर्दूत. नवे साहेब पुण्या-मुंबईकडून आलेले, त्यांना अलिफ की बे कळत नसे. माझं शिक्षण उर्दूत झालेलं, त्यामुळं जुनी प्रकरणं आपसूक माझ्या टेबलावर यायची.

आणि जुन्या राज्यातली एक रीत अशी होती की ती कुठल्याच नव्या नियमात बसत नव्हती. तिला एवजी म्हणत. चपराशी आजारी पडला की भाऊ त्याच्या जागी उभा राहायचा. पाणी भरणाऱ्या भिस्त्याचं कंबरडं मोडलं की मुलगा पखाल उचलायचा. हाजिरी मात्र मूळच्या माणसाच्याच नावानं लागायची. साहेबाला घंटा वाजवल्यावर कुणीतरी यायला हवं असे. कोण आलं याची उठाठेव तो करत नसे. ही चोरी नव्हती. तहसीलदारापासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक असे. नोकरी माणसाची नसायचीच, ती घराची असायची.

तुळजापूरच्या सरकारी दवाखान्यात यसुबाई नावाची दाई होती. पुजाऱ्यांची घरं असोत, व्यापाऱ्यांची असोत की वेशीबाहेरची, बाळंतपण अडलं की तिलाच बोलावणं जायचं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि दिसेनासं झालं. तेव्हा दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, “सुनेला पाठव.” सून म्हणजे सोजर. ती लग्न होऊन आल्यापासून सासूच्या मागं मागं जाऊन हे काम शिकली होती. ती जायला लागली. सकाळी हाजिरीला “यसुबाई” असा पुकारा झाला की सोजर “हाय जी” म्हणायची. सासरा वारला, मग सासू वारली. तरी पुकारा यसुबाईचाच होत राहिला. पुढं गावही तिला यसुबाईच म्हणू लागलं. ज्या बायकांची बाळंतपणं तिनं केली त्यांनाही तिचं खरं नाव माहीत नव्हतं. सोजर म्हणणारा एकच माणूस उरला, तिचा नवरा किसन. तो पूर्वी दगड फोडायला जायचा. त्याला दम्यानं गाठलं आणि तो घरी बसला, तेव्हापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत होतं.

महाराष्ट्र झाल्यावर दवाखान्यात शिकलेली नर्स आली आणि जुन्या माणसांची वयं तपासली गेली. कागदावरच्या यसुबाईचं वय एवढं निघालं की तपासणीला आलेले साहेब उठून तिला बघायला गेले. समोर काळ्या केसांची, पोलादी मनगटांची बाई उभी. तिला तिथल्या तिथं कामावरून कमी केलं आणि पेन्शनचा प्रश्न आमच्याकडं आला.

आमचे हेडक्लार्क रंगनाथराव वाकबगार माणूस. अशी प्रकरणं त्यांनी चिकार निभावून नेली होती. ते मला म्हणाले, “एवढं मनाला लावून घेऊ नका. सगळं गाव तिला यसुबाई म्हणतंय ना? मग ती यसुबाईच. जन्मसाल लिहिताना जुन्या कारकुनाची चूक झाली असं दाखवू. दोन साक्षीदार आणि एक अंगठा, झालं काम.” साहेबांनीही मान डोलावली. ते काही वाईट नव्हते. त्यांना प्रकरण निकाली निघायला हवं होतं आणि बाईच्या पोटाला मिळालं तर तेही हवंच होतं. मलाही हा मार्ग बरा वाटला.

ठरल्या दिवशी सोजरबाई आणि किसन एस.टी.नं उस्मानाबादेला आमच्या कचेरीत आली. ती धुवट लुगडं नेसलेली, किसन धापा टाकत तिच्या मागं. व्हरांड्यातल्या बाकावर त्याला बसवून ती टेबलाशी आली. ज्याला लिहितावाचता येत नाही त्याला मजकूर मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, असा नियम होता. बहुतेक कारकून तो पाळत नसत. मी पाळायचो. रंगनाथरावांनी तिच्या अंगठ्याला शाई लावली आणि मी वाचू लागलो, “मी, यसुबाई, भ्रतार कैलासवासी रामा, राहणार तुळजापूर, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की…”

“थांबा जरा,” ती म्हणाली. “भ्रतार कोन म्हनलाव?”

रंगनाथराव समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुमचे सासरेच की. यसुबाईंचे यजमान म्हणून त्यांचं नाव घालावं लागतं. नुसतं कागदापुरतं आहे.”

तिनं अंगठा मागं घेतला. “मामंजीची बायकू म्हनून अंगठा लावू म्या?”

“अहो, कागदापुरतं म्हणतोय ना मी!”

“आन् ह्येंचं काय लिवलंय?” तिनं बाकाकडं मान केली. नवऱ्याचं नाव ती घेत नसे.

पुढच्या ओळीत यसुबाईचा वारस म्हणून ‘मुलगा किसन’ असं होतं. मी ते वाचलं. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळी कचेरी हसली. त्या हसण्याची चीड आजही माझ्या मनातून जात नाही.

गडबड ऐकून किसन उठून दाराशी आला. कसाबसा श्वास सावरत म्हणाला, “लाव की अंगठा. लेक तर लेक. कागदाला काय कळतंय?”

“कागदाला न्हाय कळत, मला कळतंय,” सोजरबाई म्हणाली. मग ती आमच्याकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण कचेरीतलं हसू थांबलं. “सासूचं काम केलं. सासूच्या नावाला हाय म्हनले. नाव काय, नुस्ती हाक असती. यसू म्हना, गवळन म्हना, बाई अडली की म्या जानारच. पर मामंजी मला लेकीवानी वागवीत. त्येंच्या म्होरं म्या कधी मान वर केली न्हाय. आता पोटासाठी त्येंची बायकू हू? आन् ह्या मानसाची आई? वर गेल्यावर सासूला कंचं तोंड दावू?”

शाईचा अंगठा तिनं केसांना पुसला, किसनचा हात धरला आणि निघाली.

रंगनाथराव वैतागले. “ताटात वाढलेलं ढकलून देतात ही माणसं,” म्हणाले. साहेब हसून म्हणाले, “मग खरं लिहा, दुसरं काय. पण खरं लिहिलंत तर माझ्या हातात काही राहणार नाही.” हे वाक्य ते अगदी सहज बोलून गेले. खोटं लिहिलं तर सगळं त्यांच्या हातात होतं आणि खरं लिहिलं तर काहीच नाही! त्यात त्यांना काही वावगं दिसलं नाही. नियम दाखवून माणसाला नागवणारे मी पुष्कळ पाहिले, त्यांचा राग मला तेव्हाच आला. पण अशा सज्जन साहेबांचा राग यायला मात्र वेळ लागला. तो आता येतो आणि गेलेल्या वेळाचं व्याजही त्यात असतं.

मी खरं लिहिलं. सोजरबाईनं स्वतः काम केलं, सरकारी डॉक्टरांच्या हुकमानं केलं, त्या वेळच्या मान्य रिवाजानुसार केलं, सबब तिची नोकरी धरावी. आता पुरावा हवा होता. त्यासाठी ज्यांनी तिला कामावर बोलावलं त्या डॉक्टरांचा दाखला सगळ्यात मोलाचा. त्यांची बदली भूमला झाली होती. रजा काढून मी तिकडं गेलो.

बाजाराचा दिवस होता. डॉक्टर मला बघून खूष झाले, चहा मागवला. सोजरबाईचं नाव काढताच भरभरून बोलायला लागले. “अहो, तिच्या हाताला काय यश होतं! मी पुस्तकं वाचून शिकलो, पण अडलेल्या केसला मी बाजूला उभा राहायचो आणि ती करायची. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातची. बायको अजून तिचं नाव काढते.”

मी म्हणालो, “डॉक्टरसाहेब, एवढंच दोन ओळींत लिहून द्या.”

त्यांनी कप खाली ठेवला. “लिहून?”

“ती तुमच्या हुकमानं कामावर होती, एवढंच.”

“तुम्ही ट्रेझरीतले, तुम्हाला कळायला हवं,” ते म्हणाले. “इतकी वर्षं त्या हाजिरीवर माझी सही आहे. सासू मेल्यावरसुद्धा आहे. म्हणजे मी खोटी हाजिरी दिली असं मीच लिहून द्यायचं? पुढच्या साली मी रिटायर होतोय. चौकशी लागली तर माझ्या पेन्शनचं काय?”

“आणि तिच्या?” मी विचारलं.

त्यांनी कानांवर हात ठेवले नाहीत, रागावलेही नाहीत. उठले आणि आत जाऊन बायकोचं एक जवळजवळ नवं लुगडं घेऊन आले. “तिला द्या. आमची आठवण म्हणून.” मी ते घेतलं नाही. कचेरीत मला सगळे गरीब स्वभावाचा म्हणत. त्या दिवशी मी त्यांच्या घरातून निरोप न घेता उठलो आणि तडक स्टँड गाठला.

मग मी तुळजापुरातल्या बायकांकडं गेलो. पुजाऱ्यांच्या घरांतून सुना उंबऱ्यापर्यंत आल्या आणि घरच्यांनी त्यांना आत बोलावलं. घरातल्या बाईची सही सरकारी कागदावर कशाला, असं प्रत्येकाचं म्हणणं. शेवटी कापडाच्या दुकानातली एक लिंगायत बाई स्वतःहून बाहेर आली. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची. गल्ल्यावर नवरा बसलेला असताना तिनं माझ्या हातचा टाक घेतला आणि वळणदार सही केली. तिचं बघून आणखी काही जणींनी अंगठे दिले. हे सगळं मी व्यवस्थित जोडून वर पाठवलं. स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं गेली. तोवर दवाखान्यामागची राहायची सरकारी खोली सोजरबाईला सोडावी लागली होती आणि यात्रेकरूंच्या एका लॉजवर ती भांडी घासत होती.

निकाल आला. त्यातली मुख्य ओळ मला अजून पाठ आहे. ‘यसुबाई यांची नेमणूक असली तरी त्यांनी सदर काळात काम केलेले नाही. सोजरबाई यांनी काम केले असले तरी त्यांची नेमणूक नाही. सबब दोघीही अपात्र.’ खाजगी स्त्रियांचे जबाब नोकरीचा पुरावा म्हणून धरता येत नाहीत, असंही खाली होतं. रंगनाथरावांनी ते वाचलं आणि म्हणाले, “मसुदा मात्र फक्कड आहे हं.” खरंच फक्कड होता. एका मेलेल्या बाईला आणि एका जिवंत बाईला एकाच वाक्यात बाद करणं काही सोपं नाही. ज्यानं कुणी ते लिहिलं त्याला त्या दिवशी जेवण गोड लागलं असेल.

टपालानं कळवलं असतं तरी चाललं असतं. पण तिला ते वाचून कोण दाखवणार? मी स्वतः गेलो. मंगळवार होता, देवीचा वार, त्यामुळं गावात पाय ठेवायला जागा नव्हती. लॉजच्या मागच्या अंगणात सोजरबाई राखेनं पातेली घासत होती. मला बघून उठून उभी राहिली. मी खिशातून कागद काढतोय तोच दवाखान्याचा शिपाई धावत आला.

“यसुबाई, लवकर चला. सोलापूरच्या गाडीनं आलेली यात्रेकरू बाई हाय. रांगंतच कळा लागल्या. नर्सबाईंनी बोलीवलंय. पोराचं पाय म्होरं आल्यात.”

तिनं माझ्याकडं किंवा कागदाकडं पाहिलं नाही. राखेचे हात लुगड्याला पुसत ती निघालीसुद्धा. मीही मागं गेलो.

बाळंतपणाच्या नव्या खोलीच्या दारात नर्स उभी होती, घामाघूम झालेली, वयानं पोरसवदा. नवे डॉक्टर सोलापूरला गेलेले. बाईचा नवरा पायरीवर डोकं धरून बसलेला, त्यांच्याबरोबर दुसरं कुणी माणूस नव्हतं. नर्स रडवेली होऊन म्हणाली, “मावशी, आत या. पण बाहेरच्या बाईला आत घेतलं असं कळलं तर माझी नोकरी जाईल. नातेवाईक चालतात. मी तुम्हाला बाळंतिणीची सासू म्हणून दाखवते.”

सोजरबाई दारात थबकली. तिनं एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं. कचेरीत अंगठा मागं घेताना दिसलेला चेहरा मला पुन्हा दिसला आणि वाटलं, ही आता परत फिरणार. फिरली असती तरी तिला दोष द्यायला माझी जीभ उचलली नसती. तेवढ्यात आतून बाईची किंकाळी आली.

“लिवा काय लिवायचं त्ये,” ती म्हणाली, आणि पदर खोचून आत गेली.

मी पायरीवर त्या नवऱ्याशेजारी बसलो. तो देवीला नवस बोलत होता. मला तेही सुचत नव्हतं. पोटासाठी जी बाई सासू व्हायला तयार झाली नव्हती ती परक्या बाईसाठी झाली होती, आणि तिला अपात्र ठरवणारा कागद माझ्या खिशात होता. बऱ्याच वेळानं बाळ रडलं. नवरा उठून दाराकडं धावला. नर्स आतून हसत म्हणाली, “मुलगी आहे. दोघीही बऱ्या आहेत.” टेबलाशी बसून तिनं नोंद केली. बाळंतपण कुणी केलं, तिथं तिनं स्वतःचं नाव घातलं. दुसरं काय घालणार होती ती तरी?

सोजरबाईनं नळावर कोपरापर्यंत हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“आता वाचा,” ती म्हणाली.

“आत्ता राहू द्या, बाई. नंतर…”

“त्याच्यासाठीच आलाव न्हव? वाचा.”

मी वाचलं. सरकारी मराठी तिला कळणार नाही म्हणून सोपं करून सांगितलं. यसुबाईची नेमणूक आहे पण काम नाही. सोजरबाईचं काम आहे पण नेमणूक नाही. म्हणून दोघींनाही मिळणार नाही.

“दोघीस्नी बी न्हाय?”

“दोघींनाही नाही.”

आत बाळ पुन्हा रडायला लागलं होतं. तिनं तिकडं जरा कान दिला, रडणं ठीक आहे याची खात्री करून घेतली आणि मग शांतपणे विचारलं, “यसू न्हाय, सोजर बी न्हाय. मंग आत्ता आत गेली ती कोन हुती, भाऊसाहेब?”

ती खरंच उत्तराची वाट पाहत उभी राहिली. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, तेव्हा भांडी तशीच पडलीत म्हणाली आणि लॉजकडं निघून गेली.